पहिल्या दिवशी चकल्यांचा डबा नको

"ताई, नमस्कार. मी ४५ वर्षांची आहे. माहेर सांगली. लग्नाआधी तिथे एका औषध कंपनीच्या डेपोत चार वर्षं हिशेबाचं काम केलं, टॅली या संगणकावरच्या प्रोग्रामवर. २००५ मध्ये लग्न होऊन बडोद्याला आले. मग सासऱ्यांचं आजारपण, दोन मुलं, यात नोकरी राहूनच गेली. आता मुलगा पुण्याला शिकतो, मुलगी दहावीत आहे. मिस्टरांच्या कंपनीत पगार वेळेवर होत नाहीत म्हणून मी अर्ज केला आणि मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स असिस्टंट म्हणून निवड झाली. १ जुलैला रुजू व्हायचंय. साहेब तिशीचे आहेत. मुलाखतीच्या शेवटी म्हणाले, 'चालो बेन, ट्राय करीए.' त्या 'ट्राय'नं माझी झोप उडाली आहे. बाकी सगळी मुलं-मुली पंचविशीतली. मला जीएसटी येत नाही, एक्सेल विसरले, गुजराती बाजारात बोलण्यापुरतं. सासूबाईंना दुपारी एकला गरम जेवण लागतं. पहिल्याच दिवशी चांगली छाप पडावी म्हणून काय करू? कसं बोलू, काय नेसू? (सगळ्यांसाठी भाजणीच्या चकल्या करून नेल्या तर? माझ्या चकल्या सगळ्यांना आवडतात.)"
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही कंसात टाकला आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते. चकल्या नेऊ नका.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तुम्ही मनापासून विचारलंय आणि खाऊ घालण्यात वाईट काय, असं कुणीही म्हणेल. पण मी याच शहरात एका कचेरीच्या हिशेबखात्यात तीस वर्षं काढली आहेत आणि तिथलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे एक बाई चाळिशीत लागल्या, पती गेल्यावर. कामाला अतिशय पक्क्या. बँक रिको, म्हणजे बँकेच्या उताऱ्याशी आपल्या वहीचा मेळ, त्या ज्या दिवशी हातात घ्यायच्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पैशापैशाला लागायचा. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी थालीपीठं आणली. मग लोणी आणलं. कुणाला ताप आला की काढा, कुणाचं बटण तुटलं की त्यांच्या पर्समधून सुई-दोरा. वर्षभरात त्या अख्ख्या खात्याच्या काकू झाल्या. साहेबांकडे पाहुणे आले की शिपाई समोर उभा असतानाही चहाचं त्यांनाच विचारलं जाई. सात वर्षांनी वरची जागा निघाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काकूंना कशाला आता या वयात धावपळ?" आणि ती जागा त्यांनीच शिकवून तयार केलेल्या एका मुलाला मिळाली.

मी त्या वेळी त्या खोलीत बसले होते. मी बोलले नाही. सात वर्षं मी त्यांची थालीपीठं खाल्ली होती आणि त्यांच्या कामाबद्दल साहेबांपुढे एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. हे मला आजही टोचतं, म्हणून तुम्हाला एवढं अडवून सांगतेय.

घाबरलेलं माणूस आपल्या हातखंडा गोष्टीकडे वळतं. गेली वीस वर्षं तुम्ही माणसं सांभाळलीत, ते तुम्हाला हमखास येतं. म्हणून नवीन ठिकाणी जायचं म्हटल्यावर हात आपोआप भाजणीच्या डब्याकडे गेला. चकल्या सगळ्यांना आवडतील, मला शंकाच नाही. मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत नव्या माणसाचं नाव कशाला तरी चिकटतं आणि एकदा चिकटलं की सुटत नाही. "नवीन बेन? त्या चकल्या आणतात त्या" असं व्हायचं, की "नवीन बेन? त्यांच्याकडे बिल गेलं की परत बघावं लागत नाही" असं व्हायचं, हे तुमच्या हातात आहे, पण थोडेच दिवस. चकल्या दिवाळीनंतर न्या. लाभपांचमीला कचेरी उघडते तेव्हा आपल्याकडे सगळेच काही ना काही घेऊन येतात, त्यात तुमचाही डबा असू दे. तोवर तुम्ही अकाउंट्सच्या बेन झालेल्या असाल.

याला लागूनच दुसरं. "मला काही येत नाही हो, इतकी वर्षं घरीच होते ना," हे वाक्य तुम्ही पहिल्या दिवशी म्हणणार आहात. पत्रात तुम्ही ते वेगवेगळ्या शब्दांत तीनदा म्हटलंय. आपल्याला वाटतं ही नम्रता. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून काहीच कळत नाही. काय येतं, काय येत नाही, कुठून शिकवायचं, सगळं अंधारात. त्याऐवजी नेमकं सांगा. "टॅलीत चार वर्षं व्हाउचर एंट्री केली आहे. जीएसटीचं बिल अजून टाकलेलं नाही. एकदा दाखवा, मी लिहून घेते." एवढं बोललात की समोरच्याच्या मनातला निम्मा गोंधळ जातो. मधली वर्षं कुणी विचारली तरच सांगा, एका वाक्यात, आणि मान खाली न घालता.

आणि तुम्हाला वाटतं तितकं काही विसरलेलं नसतं. टॅलीचा चेहरा बदललाय, आता टॅलीप्राइम म्हणतात. पण एफ४ दाबलं की कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, या कळा तुमच्या वेळी होत्या त्याच आहेत. बोटांना आठवेल. टॅलीची शिकण्यासाठीची आवृत्ती फुकट उतरवून घेता येते. तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी टाकता येतात, पण सरावाला तेवढं भरपूर झालं. रुजू व्हायच्या आधी रोज रात्री तासभर बसा. घरातलीच जुनी बिलं घ्या, किराण्याचं, औषधाचं, गॅसचं, आणि एक खोटी कंपनी काढून टाकत राहा. एक्सेलसाठी क्लास लावू नका. मुलीला सांगा चारच गोष्टी शिकव: बेरीज, क्रम लावणं, फिल्टर आणि व्हीलुकअप, म्हणजे एका तक्त्यातली माहिती शोधून दुसऱ्यात आणणं. हिशेबखात्यात सुरुवातीला या चारांवर निभतं.

जीएसटीची भीती घालवायला थोडं सांगते. तुम्ही नोकरी सोडलीत त्या वर्षी महाराष्ट्रात व्हॅट नुकता आला होता, १ एप्रिल २००५ ला. म्हणजे एक करपद्धत जाऊन दुसरी येताना तुम्ही पाहिली आहे. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आहे. योगायोग बघा, तुम्हीही १ जुलैलाच रुजू होताय. प्रत्येक व्यापाऱ्याला १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं त्याच्या पॅनची. गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, मध्य प्रदेशाचे २३. बिल हातात आलं की आधी तिकडे नजर टाका. समोरचा २४ चा असेल, माल इथल्या इथेच पोचणार असेल आणि कर १८ टक्के असेल, तर तो ९ आणि ९ असा दोन भागांत लागतो, केंद्राचा आणि राज्याचा. पुण्याच्या २७ च्या पार्टीला माल गेला तर सरळ १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या व्यवहाराचा एकच कर. नव्या माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते. परराज्यात ५०,००० रुपयांच्या वरचा माल निघाला की गाडीबरोबर ई-वे बिल, म्हणजे पोर्टलवरून काढलेला मालवाहतुकीचा कागद, लागतं आणि साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी उशिरा सुटली तर मुदत पाहायला हवी. सुरुवातीला एवढं डोक्यात असलं तरी पुरे. बाकी काम करता करता येईल.

आता जे कुणी सांगत नाही ते. हिशेबखात्याचा स्वभाव तारखांवर असतो. ७ तारखेपर्यंत टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला कर, भरायचा. ११ पर्यंत विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-१. १४ ला पोर्टलवर खरेदीचं टूबी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, येतं आणि आपल्याकडची बिलं त्याच्याशी जुळवायची. १५ पर्यंत पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता. २० पर्यंत थ्रीबी, म्हणजे महिन्याचं एकत्रित जीएसटी विवरण, आणि कराचा भरणा. दर महिन्याला विवरण भरणाऱ्या ऑफिसात हाच फेरा असतो. तुम्ही १ तारखेला जाताय, म्हणजे नेमक्या धावपळीच्या तोंडावर. पहिले वीस दिवस तुमच्याशी बोलायला कुणाला फुरसत नसेल. तुम्हाला एखादं कपाट दाखवतील, "या फाइली बघा" म्हणतील आणि दोन तास कुणी फिरकणार नाही. ते मनाला लावून घेऊ नका. त्या दोन तासांत मागच्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं उलगडून पाहा. कोण कोण पार्ट्या आहेत, कुणाचं बिल कशा छापाचं असतं, कुणाकडून दर आठवड्याला माल येतो, कुणाचे पैसे लांबतात. कुणाला काही न विचारता ऑफिसचा धंदा समजून घ्यायची याहून चांगली वेळ परत येत नाही. आणि सविस्तर समजावून घ्यायचे मोठे प्रश्न २२ तारखेनंतर काढा. त्या दिवसांत माणसं मोकळी असतात, चहा घेता घेता अर्धा तास शिकवतात. हाच प्रश्न १० तारखेला विचारलात तर उत्तर तुटक मिळेल आणि तुम्हाला वाटेल माणूसच तुसडा आहे.

प्रश्न विचारायला लाजू नका, पण एक वही ठेवा. शंभर पानी, साधी. तारीख घाला, प्रश्न लिहा, उत्तर लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा. किरकोळ प्रश्न साठवून चारच्या सुमाराला एकदम विचारा, दर पाच मिनिटांनी कुणाच्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहू नका. जिथे काम अडलंय तो प्रश्न मात्र लगेच. एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर चालतं, कुणाचं काही बिघडत नाही. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली की आधी वही उघडा. तुम्ही उत्तर लिहून घेताय हे शिकवणाऱ्याला दिसलं की त्याचा शिकवण्याचा हुरूप वाढतो. पंचविशीतल्या मुलांनाही तो मान हवा असतो आणि आपल्या आईच्या वयाची बाई आपलं सांगणं लिहून घेतेय, हे ती विसरत नाहीत.

चूक होणार. पहिल्या महिन्यात नाही झाली तर दुसऱ्यात होईल. माझं सांगते. मी लागले त्या वर्षी ५,४०० ची रक्कम ४,५०० लिहिली. तेव्हा सगळं हातानं, जाड वह्यांमध्ये. महिनाअखेर ताळेबंद लागेना, ९०० चा फरक. मला दुसऱ्याच दिवशी माझी चूक सापडली होती, पण सांगायची छाती होईना. वाटलं हळूच दुरुस्त करून टाकू. वही हेडक्लार्कांच्या टेबलावर होती. दोन संध्याकाळ सगळं खातं उशिरापर्यंत बसलं, कुणाकुणाची शेवटची बस गेली, आणि मी त्यांच्यात बसून शोधण्याचं सोंग करत होते. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनीच पकडलं. ते म्हणाले, फरकाला ९ नं भाग जातोय म्हणजे कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे. तो ठोकताळा मला जन्मभर पुरला, तुम्हीही लक्षात ठेवा, आजही तितकाच कामाचा आहे. पण त्यांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला माहीत होतं ना?" आणि मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. पुढचं वर्षभर मात्र माझ्या प्रत्येक पानाखाली त्यांनी स्वतःची तपासणीची टीप घातली. आकडा चुकला म्हणून त्यांनी तसं केलं नव्हतं, दोन संध्याकाळ मी गप्प बसले म्हणून केलं होतं. तुम्हाला चूक दिसली की त्याच मिनिटाला उठा आणि सांगा: "या बिलात माझ्याकडून आयजीएसटीच्या जागी दोन भाग पडलेत, विवरण अजून गेलेलं नाही, आत्ता दुरुस्त करू का?" काय झालं, कुठवर पोचलं, काय करता येईल, बस. रडवेलं होऊन माफी मागत बसायची गरज नाही.

तुमच्या तिशीतल्या साहेबांविषयी. "ट्राय करीए" हे आपल्या बडोद्यात "चला, सुरू करू" इतकंच असतं, त्यावर झोप घालवू नका. मला काळजी वेगळीच वाटते. तो मुलगा तुमची चूक तुम्हाला सांगायला संकोचेल. पंचविशीच्या मुलाला तो तिथल्या तिथे टोकेल, तुम्हाला नाही. "जवा दो, बेन छे," म्हणून स्वतः दुरुस्त करून टाकेल. दोन महिने असं चाललं की तुम्हाला वाटेल सगळं छान आहे आणि त्याला वाटेल बेनना जमत नाही. म्हणून हे दार तुम्हीच उघडा. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तुमच्या हातची दहा बिलं घेऊन जा आणि म्हणा, "एवढी बघून द्या, कुठे काय बदलू ते सांगा." त्यानं काही दाखवलं तर कारणं देऊ नका, सांगलीत असं करायचो हेही नको. "बरं, करते," म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त झालेलं त्याच्या टेबलावर असू द्या. असं दोन-तीन वेळा झालं की तो मोकळा होईल. आणि त्याला कधीही "बेटा" म्हणू नका, मनात कितीही आलं तरी. बाकीचे त्याला जे म्हणतात तेच तुम्ही म्हणा, साहेब नाहीतर नावापुढे भाई.

तुम्हाला कुणी "आंटी" म्हणालं, आणि म्हणेलच कुणीतरी, तर पहिल्याच वेळी हसून सांगा की मला नावानं बेन म्हणा. या एका बाबतीत आपण बडोदेकर बायका फार नशीबवान आहोत. गुजरातीत बावीस वर्षांची मुलगी बेन आणि साठीची बाईही बेन. आदर आहे आणि वय मध्ये येत नाही. काकू, मावशी, आंटी या शब्दांत ती सोय नाही. तो शब्द मागून घ्या.

गुजराती बाजारातलं आहे म्हणता, तर बाजारातलंच ठेवा, फक्त सगळ्यांना "तमे" म्हणा. शिपायालाही, ड्रायव्हरलाही. भाजीवाल्याशी बोलताना आपण पटकन "तू"वर येतो, ती सवय तेवढी गेटबाहेर. चलनांवर, मालाच्या पावत्यांवर गुजराती आकडे हातानं लिहिलेले असतात, ते डोळ्यांना सरावायला हवेत. गुजराती पाच आपल्या 'प'सारखा दिसतो आणि घाईच्या अक्षरात घोटाळा करतो. तुमच्या बोलण्यात सांगलीचा हेल असेल तर तो राहू द्या. या शहरातल्या कचेऱ्या कधीच एका भाषेच्या नव्हत्या. सयाजीराव महाराजांच्या राज्यानं १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' नावाचा कोश काढला. दरबारी कामात लागणारा एकेक इंग्रजी शब्द आणि त्याला गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, बंगाली, संस्कृत, फारसीतले प्रतिशब्द, असा तो कोश. इथे टेबलाच्या दोन बाजूंना दोन भाषा बसणं ही जुनी गोष्ट आहे.

जेवणाच्या सुट्टीत पहिल्या दिवशी मात्र एकट्या बसू नका आणि डबा उघडून सगळ्यांना वाढतही सुटू नका. "इथे बसू का?" विचारा आणि ऐका. कुणाबद्दल तक्रारी ऐकू येतील, त्यात हो ला हो नको, तुम्हाला अजून काहीच माहीत नाही. आणि बघा, कुणी वेगळं बसतंय का. कुणाचा पेला वेगळा ठेवलाय का. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच बडोद्यात नोकरीवर रुजू झाले होते. कचेरीत त्यांना दूर ठेवलं गेलं, गावात राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं, आणि ते कमाटीबागेत जाऊन बसले. आपण त्या बागेत मुलांना झोके द्यायला जातो. नव्या जागी रुजू झालेल्या माणसाशी हे गाव असं वागलं आहे, ते मला तिथून जाताना दर वेळी आठवतं. तुमच्या नव्या ऑफिसात असं काही दिसलं, कितीही बारीक, तर तुम्ही तुमचा डबा घेऊन त्या माणसाजवळ जाऊन बसा. नवीन आहात म्हणून थांबू नका.

कपड्यांचं थोडक्यात. साडी किंवा पंजाबी ड्रेस, जे रोज अंगावर असतं ते, इस्त्रीचं, खिशाला परवडणारं. पहिल्या दिवसासाठी नवी कडक साडी काढू नका, दिवसभर लक्ष तिच्याकडेच जाईल. जुलै आहे, पावसाचे दिवस. टेबलाच्या खणात एक कोरडा जोड आणि टॉवेल कायमचा ठेवून द्या. आणि आधी एकदा, कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला, लालबाग-मांजलपूरवरून मकरपुऱ्यापर्यंत जाऊन या. रविवारी जाऊन वेळ मोजली तर ती खोटी निघते.

कागदपत्रांत मात्र घाई करू नका. नेमणूक पत्र लेखी मागा. प्रोबेशन किती महिने, रजा किती, सोडताना नोटीस किती, एवढं वाचून घ्या. कापून घेतील तो पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के असतो आणि मालकालाही तेवढाच घालावा लागतो. रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतात, त्यात आधी कुठे पीएफ होता का, हा प्रश्न असतो. सांगलीच्या डेपोत तुमचा कापला जात असेल आणि तुम्ही तो काढून घेतला नसेल, तर तसं लिहा, जुनी पावती शोधा. हल्लीचा यूएएन क्रमांक, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, २०१४ पासूनचा, तुमच्या जुन्या खात्याला तो नसणार, पण खातं जोडून घेण्यासाठी पीएफच्या कार्यालयात अर्ज करता येतो. पीएफबरोबरचं पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. ती चार वर्षं धरली गेली तर तुम्हाला इथे सहाच उरतात. आणि नाव! पॅन माहेरच्या नावानं, आधार सासरच्या, बँकेत तिसरंच काहीतरी, असं आपल्या पिढीतल्या फार बायकांचं असतं आणि नेमकं तिथे पीएफचं खातं अडकतं. आजच तिन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघा. जिथे फरक असेल ते दुरुस्तीला आत्ताच टाका.

गौरी-गणपतीच्या रजेचंही आत्ताच ठरवा. आपल्या बडोद्यात गणपती दणक्यात बसतात, पण गौरींची सुट्टी ऑफिसच्या यादीत बहुधा नसते. तुमच्याकडे गौरी असतील तर जुलैच्या शेवटी, २२ नंतरच्या निवांत दिवसांत, साहेबांना तारखा लिहून द्या आणि त्या दिवसांचं काम आधी कसं उरकणार तेही सांगा. दोन दिवस आधी कळवाल तर प्रोबेशनमध्ये ते वाईट दिसेल. महिनाभर आधी कळवाल तर कुणी हरकत घेणार नाही.

राहिलं घर. खरं तर मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. पहिल्या महिन्यात तुम्ही ऑफिसात कशा दिसाल, हे बऱ्याच अंशी दुपारी साडेबारा ते दीडच्या मध्ये ठरेल. त्या वेळी फोन वाजणार. "डबा कुठे ठेवलाय," "कुकरची शिट्टी किती," "औषध कुठलं द्यायचं." तुम्ही बिल अर्धवट टाकून बाहेर जिन्यात जाऊन बोलणार आणि परत येऊन आकडा चुकवणार. कुणी तोंडावर काही म्हणणार नाही, पण दिसतं सगळ्यांना. घरात हे नीट बसून बोला, मिस्टर आणि मुलगी दोघांना समोर ठेवून. सकाळी पोळ्या कोण करणार, संध्याकाळचा भात-आमटी कुणाची, सासूबाईंच्या गोळ्या कोण काढून ठेवणार. पगार घरात येणार आहे तो सगळ्यांना, मग कामही सगळ्यांनी उचलायला हवं, हे मिस्टरांनी स्वतःच्या तोंडून सासूबाईंना सांगितलं तर फार बरं. तुम्ही सांगितलंत तर ती सुनेची तक्रार ठरते. ऑफिसच्या वेळेत फोन फक्त खऱ्या अडचणीला आणि तोही आधी मिस्टरांना, असा नियम पहिल्या दिवसापासून लावा. अपराधी वाटेल. वाटू दे, त्या भरात उठून घरी फोन लावू नका.

आणि त्याची तालीम १ जुलैची वाट न बघता करा. येत्या गुरुवारी सकाळीच स्वयंपाक आवरून ठेवा, सासूबाईंना भाजी-आमटी गरम कशी करायची ते दाखवा, ताट मांडून ठेवा आणि बाराला घराबाहेर पडा. बहिणीकडे जा, मंडईत जा, सुरसागरच्या काठावर बसा, कुठेही. फोन घेऊ नका. अडीचला परत या. त्यांनी काय जेवलं, काय राहिलं ते विचारा, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा जा.